खिडकीतला पाऊस

ज्येष्ठ महिना लागला की मासिकांच्या संपादकांस पावसाची आठवण होते, आणि त्यांस ती झाली की आम्हां लेखकांकडे पत्रे येऊ लागतात. 'वर्षा-विशेषांकासाठी एखादा प्रसन्न ललित लेख पाठवावा. विषय आपल्या आवडीचा,' असे त्यांत लिहिलेले असते. वास्तविक विषय आपल्या आवडीचा नसून फार पूर्वीच ठरून गेलेला आहे, हे पत्र लिहिणारा आणि ते वाचणारा असे दोघेही जाणून असतात. लेखात एक खिडकी असावी लागते. खिडकीच्या आत वाफाळलेला चहा, कांद्याची भजी, अर्धवट वाचलेले पुस्तक आणि पायाशी अंगाची मुटकुळी करून निजलेले एक मांजर. खिडकीच्या बाहेर पाऊस. भिजल्या मातीच्या वासाचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात यावा, कागदाच्या होड्या दुसऱ्यात सोडाव्या, आणि शेवटी निसर्ग किती उदार आहे व माणूस किती क्षुद्र आहे याचा लेखकास साक्षात्कार व्हावा. एवढी सामग्री जमली म्हणजे लेख सिद्ध झाला. आश्विनात खिडकी तीच राहते, फक्त पावसाच्या जागी चांदणे येते. पौषात शाल येते, वैशाखात आंबा येतो. मांजर मात्र बाराही महिने कायम असते.

असले लेख मी आयुष्यभर आवडीने वाचले आहेत. एवढेच नव्हे, तर चांगले अर्धा डझन लिहिलेही आहेत. तेव्हा पुढे जी तक्रार मी मांडणार आहे ती बाहेरच्या माणसाची नसून त्याच पंक्तीत बसून जेवलेल्याची आहे, हे प्रथमच सांगून टाकणे बरे.

ही तक्रार मला कोणा टीकाकाराने सुचविली नाही. ती सुचविली आमच्या घरी दूध घालणाऱ्या एका शेतकऱ्याने. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी शिक्षकाची नोकरी करून मी तेथेच स्थायिक झालो आहे. काही वर्षांपूर्वी मृगाची पहिली सर आली त्या संध्याकाळी माझी लेखणी ओली झाली, आणि एका बैठकीत मी 'पहिला पाऊस' या विषयावर लेख लिहून पाठवून दिला. आषाढात तो छापून आला. अंक ओसरीवरच्या बाकावर पडला होता. दूध मोजून झाल्यावर त्या गृहस्थाची नजर मुखपृष्ठावरील ढगांच्या चित्राकडे गेली, आणि हे पुस्तक कशाचे म्हणून त्याने विचारले. यात माझा एक लेख आहे, पावसावर लिहिला आहे, असे मी काहीशा अभिमानाने सांगितले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "कोन्त्या पान्यावर लिवलं, गुरुजी? पयल्या, का दुसऱ्या?"

या प्रश्नात टोमणा असता तर मी तो पचवून टाकला असता. परंतु तो मनापासून विचारलेला प्रश्न होता. त्या वर्षी मृगाचा पहिला पाऊस चांगला वाजतगाजत आला. लोकांनी त्याच्या भरवशावर सरकी टोबली. आणि पुढे अठरा दिवस आभाळाने तोंड दाखविले नाही. उगवलेले कोंब जागच्या जागी करपून गेले. त्याच्याकडे पाच एकर कोरडवाहू. बियाण्याच्या पिशव्या त्याने पुन्हा उधारीवर आणल्या आणि दुसऱ्या पावसावर पुन्हा पेरणी केली. त्याच्या लेखी हे दोन पाऊस म्हणजे एकाच नावाचे दोन सोयरे होते; एकाने लग्न मोडले होते आणि दुसऱ्याने ते कसेबसे जमवून आणले होते. मी ज्याचे गोडवे गाइले होते तो लग्न मोडणारा सोयरा. आमच्या घरापासून त्याचे शेत पायी अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. तरीही त्या अठरा दिवसांत मला त्याच्या शेताची आठवण झाली नव्हती, कारण माझा लेख तोपर्यंत टपालात पडला होता.

त्या दिवसापासून माझ्या मनात जे बसले आहे ते असे: आमच्या ललित निबंधाने ऋतूंमधून काम काढून टाकले आहे, आणि काम काढून टाकले की ऋतू शिल्लक राहत नाही, नुसती हवा शिल्लक राहते.

हे असे का झाले, याचा विचार करू गेल्यास दोष एकट्या कोणाच्या माथी मारता येत नाही. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली तेव्हा निबंध हा रणांगणावरचा प्रकार होता. त्याच्या हातात शस्त्र होते आणि त्याचा आवाज चढा होता. पुढे अर्धशतकाने ना. सी. फडके यांनी 'गुजगोष्टी' मांडल्या, अनंत काणेकर यांनी 'पिकली पाने' वेचली, आणि मराठी निबंध आरामखुर्चीत बसून घरगुती आवाजात बोलू लागला. ही काही लहानसहान कमाई नव्हे. क्षुल्लक वस्तूंविषयी बोलण्याचा हक्क या मंडळींनी मराठी वाचकाला मिळवून दिला. प्रत्येक लेखाने राष्ट्राचा उद्धार केलाच पाहिजे ही सक्ती त्यांनी उठविली. त्याबद्दल त्यांचे ऋण मी मानतो. परंतु क्षुल्लक वस्तूंचीसुद्धा एक ठरावीक यादी होऊन बसेल, आणि त्या यादीबाहेरची वस्तू कितीही क्षुल्लक असली तरी तिला ललित लेखात प्रवेश मिळणार नाही, असे त्यांच्याही ध्यानात आले नसावे. चहाचा पेला ललित. तो ज्या पाण्याने विसळला ते पाणी भरण्याचे काम मात्र रुक्ष! मांजर ललित, म्हैस नव्हे. असा हा सोवळेपणा आहे.

त्यात आणखी एक गंमत अशी की, ही यादी एका विशिष्ट प्रदेशाची आहे. मराठी पुस्तकांतला पाऊस हा बहुधा कोकणचा, मुंबईचा, फार तर पुण्याचा पाऊस असतो. तो नेमका जूनच्या पहिल्या आठवड्यात समुद्रावरून येतो, चार महिने मुक्काम करतो, आणि त्याच्याविषयी तक्रार असलीच तर ती अतिरेकाची असते. आमच्या वऱ्हाडात पाऊस उशिरा पोहोचतो. त्याचा बराचसा भाग बंगालच्या उपसागरातून उठणाऱ्या वादळांच्या मर्जीवर अवलंबून असतो, आणि तो आला तरी राहील की नाही हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. आमची मुले शाळेत पावसावर निबंध लिहितात तेव्हा धबधबे लिहितात, धुके लिहितात. त्यांनी धबधबा पाहिलेला नसतो. पाठ्यपुस्तकात पाहिलेला पाऊस खरा आणि अंगणात पडणारा पाऊस अपवाद, अशी त्यांची समजूत होऊन बसते. आणि मी स्वतः कित्येक वर्षे असल्या निबंधांना दहांपैकी आठ गुण दिले आहेत.

आता आमच्या इकडचे वर्ष कसे चालते ते थोडक्यात सांगतो. चैत्रात पाडवा येतो. आपण गुढी उभारतो, श्रीखंड खातो. शेतावर त्या दिवशी सालदाराचे साल ठरते. गेल्या वर्षीचा हिशेब मिटतो, उचल किती घेतली आणि किती फिटली हे सांगितले जाते, आणि मनुष्य एक वर्षापुरता या घरचा किंवा त्या घरचा होतो. नव्या वर्षाचा याहून खरा आरंभ कोणता? मग उन्हाळवाही. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या घरात असता काळ्या मातीची ढेकळे तापू द्यावयाची, वखर घालावयाचा, धसकटे वेचावयाची. जूनच्या सात-आठ तारखेस मृग लागतो आणि सारा गाव मान वर करून बसतो. पेरणी होते, कधी मोडते, पुन्हा होते. मग डवरणी आणि निंदण. निंदणाला बायकांच्या ओळी. श्रावणाच्या अवसेला पोळा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटू लागतात, तेव्हा पहिल्या वेचणीपूर्वी शेतात सीतादही करतात. दहीभाताचा नैवेद्य होतो आणि मग ओटी बांधून बाया वेचणीला लागतात. मजुरी किलोवर असते, म्हणून दिवस जितका लहान तितकी मजुरी लहान. मार्गशीर्षाचा दिवस लहान असतो हे माझ्यासारख्याला पंचांगातून कळते, त्यांना ते संध्याकाळच्या काट्यावर कळते. शेवटी पऱ्हाट्या उपटल्या जातात, त्यांच्या मोळ्या चुलीशी येतात, आणि शेत पुन्हा उघडे पडते.

वाचकांनी प्रामाणिकपणे सांगावे, यात लालित्य कमी आहे काय? ऋतूंचे सौंदर्य, अनिश्चितता, आशा, फसगत, समारंभ, हे सारे यात आहे. आणि हे सारे कामाच्या पोटातून आलेले असल्यामुळे ते कोणाला मुद्दाम शोधावे लागलेले नाही.

ऋतूंची जी गत तीच प्राण्यांची. मराठीत 'पाळीव' या एकाच शब्दात आपण कुत्रा, मांजर, पोपट, गाय आणि बैल अशी मोळी बांधून ठेवली आहे. परंतु ललित लेखात जागा मिळते ती ज्याच्याकडे काही काम नाही अशालाच. मला मांजर आवडते. हा लेख लिहीत असता ते माझ्या कागदांवरच बसले आहे. त्याच्यावर कोणी लिहिले तर माझी हरकत नाही. हरकत आहे ती एवढ्यासाठी की, मुक्या प्राण्यावरचे प्रेम म्हणजे निरुपयोगी प्राण्यावरचे प्रेम, अशी एक समजूत या लेखांनी सुशिक्षित घरांत रुजविली आहे. जेथे उपयोग आला तेथे स्वार्थ आला, आणि जेथे स्वार्थ आला तेथे प्रेम कसले, असा हा हिशेब आहे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या इकडे खांदमळणी होते. दिवसभराच्या धुण्याचुण्यानंतर बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात, आणि उद्या जेवावयास यावे असे त्याला रीतसर आवतण देतात. खांदाच का? कारण वर्षभर जू बसते ते तेथे. जेथे कातडी घट्ट झालेली असते, कधी सोलवटलेली असते, नेमक्या त्याच जागी शेतकऱ्याचा हात फिरतो. तो हात कृतज्ञतेचा असतो आणि तितकाच अपराधाच्या जाणिवेचाही असतो. तुझ्याकडून मी हे करवून घेतले, हे मला ठाऊक आहे, असे तो सांगतो. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात आणि झडत्या म्हटल्या जातात. त्यांत सावकारापासून सरकारपर्यंत सर्वांची हजेरी घेतली जाते. कुत्र्याच्या वाढदिवसाला जो केक कापतात त्याची मी थट्टा करीत नाही. परंतु त्या प्रेमात अपराधाची जाणीव नसते, आणि म्हणून ते प्रेम सोपे असते. बैलावरचे प्रेम सोपे नव्हे. ज्याच्यावर प्रेम करावयाचे त्यालाच राबवावयाचे, आणि तो थकला म्हणजे वैरणीचा हिशेबही मांडावयाचा, हे ज्याच्या नशिबी आले त्याने प्रेमाचा जो अर्थ शिकला तो आमच्या आरामखुर्चीला अद्याप कळलेला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. लहान मुले लाकडी बैल सजवून चाकांवर ओढीत नेतात. मोठा गोड सण आहे, आणि माझ्या नातवंडांचा लाकडी बैल मी दरवर्षी स्वतः रंगवून देतो. परंतु तो रंगविताना मला अलीकडे आमच्या ललित लेखांची आठवण होते. लाकडी बैलाला वैरण लागत नाही, त्याचा खांदा सुजत नाही, त्याला विकावे लागत नाही. आम्ही साहित्यात तान्हा पोळाच भरवीत आलो आहो.

आणि खरा बैल? २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील देशी गोवंश मागच्या गणनेपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी घटलेला दिसला. गावोगाव ट्रॅक्टर तासावर मिळतो; जोडी मात्र बाराही महिने खाते. यावरही लेख येतात, नाही असे नाही. शहरातून मोटारीने गावी आलेला लेखक रिकामा गोठा पाहून हळहळतो आणि जुने दिवस गेले म्हणून उसासा टाकतो. ज्याने जोडी विकली त्याने ती कोणत्या महिन्यात, कोणत्या देण्यापायी विकली, आणि दावे सोडताना बैलाने मान कोणीकडे फिरविली, हे त्या लेखात नसते. कारण ते विचारावयाचे झाल्यास मोटारीतून उतरावे लागते.

कोणी म्हणेल, हे सारे साहित्यापुरते आहे; लेखातले मांजर काढून तेथे बैल बांधला तर कोणाचे काय बिघडते वा सुधारते? मला वाटते, बिघडते. कामावाचून केलेल्या प्रेमाची सवय लागली की ती पुस्तकाबाहेरही चालू राहते. याच जिल्ह्यातील दोन गोष्टी सांगतो. त्या सर्वांस ठाऊक आहेत.

२०१६ पासून दोन वर्षे पांढरकवडा आणि राळेगाव या भागात एका वाघिणीची दहशत होती. तेरा माणसांच्या मृत्यूंशी तिचे नाव जोडले गेले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या रानात ती गोळी घालून मारण्यात आली. तिच्यामागे दोन बछडे होते. ज्या रीतीने तिला मारले तिच्याविषयी जे आक्षेप निघाले ते योग्यच होते, आणि मी त्यांच्या विरुद्ध नाही. माझे लक्ष दुसरीकडे गेले. वनखात्याच्या नोंदीत ती 'टी-१' होती; शहरांनी तिला 'अवनी' हे नाव दिले. घरातल्या लाडक्या प्राण्याला द्यावे तसे ते गोड नाव होते. पाहता पाहता मुंबईपासून परदेशापर्यंत ते लोकांच्या तोंडी झाले. जे तेरा गेले त्यांपैकी बहुतेक गुरे चारावयास किंवा शेतात राबावयास गेलेले होते. त्यांतील एकाचे तरी नाव, अवनीसाठी डोळे पुसणाऱ्या किती सुशिक्षित घरांत ठाऊक होते? कपाशी फुटण्याच्या दिवसांत बाया शेतात जावयास धजत नव्हत्या. हा त्या ऋतूचा विशेष कोणाच्या शरद-वर्णनात आला? वाघिणीची करुणा येणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण आहे. परंतु जी करुणा राबत्या माणसाला वळसा घालून वाघिणीपर्यंत पोहोचते, ती आमच्या खिडकीतूनच निघालेली आहे असे मला म्हणावेसे वाटते.

दुसरी गोष्ट त्याच्याही आधीची. २०१७ साली पावसाळा संपता संपता या जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, आणि शेकडो रुग्णालयात पडले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती. खांद्याच्या वर पंप धरून फवारताना विषाचे तुषार तोंडावर, छातीवर येत. आता कल्पना करा: त्याच भाद्रपदात एखादा ललित लेखक रस्त्याने जात असता त्याने ही शेते पाहिली असती, तर काय लिहिले असते? पुरुषभर उंच डोलणारी हिरवीगार शेते, भाद्रपदाचे कोवळे ऊन, आणि दुरून धुक्यासारखे दिसणारे तुषार! मी लिहिले असते. वर्णनातला एकही शब्द खोटा ठरला नसता, आणि सबंध लेख खोटा ठरला असता. नुसत्या डोळ्यांवर विसंबून ऋतूचे वर्णन करण्यात केवढा धोका आहे हे याहून अधिक स्पष्ट करून सांगण्याची माझी शक्ती नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की, वाचक मासिक उघडतो ते विरंगुळ्यासाठी. दिवसभराच्या दगदगीनंतर त्याच्यासमोर पुन्हा कर्ज, विष आणि मरण का मांडावे? या आक्षेपात तथ्य आहे. किंबहुना मी त्याच्याही पुढे जातो. यवतमाळ म्हटले की आत्महत्या, एवढेच समीकरण उभ्या महाराष्ट्राने पाठ केले आहे. १९८६ साली महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने जीव दिला तेव्हापासून हे नाव जे दुःखाशी जोडले गेले ते सुटता सुटत नाही. २०१९ च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळास भरले, तेव्हा उद्‌घाटनासाठी निमंत्रिलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेण्यात आले, आणि वादळ उठल्यावर कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची ही पत्नी त्या व्यासपीठावरून सडेतोड बोलली, आणि साऱ्या मंडपाने ते ऐकले. पण मंडप उठल्यावर आमच्या मासिकांच्या पानांत काय फरक पडला? पावसाळी अंक पुन्हा खिडकीशी येऊन बसले. दुःखाचा एक विशेषांक आणि सौंदर्याचे अकरा, अशी ही वाटणी आहे. आणि या वाटणीत दुःखसुद्धा एक देखावा होऊन बसते. म्हणून मी दुःख मागत नाही. मी काम मागतो. कामात दुःख असते तसेच हास्य असते, चातुर्य असते, थट्टा असते, झडत्या असतात. निंदणाच्या ओळीत जेवढे हसणे होते तेवढे आमच्या साहित्यमंडळांच्या बैठकीत होत नाही, हे मी दोन्हीकडे बसून पाहिले आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्याला जे ठाऊक त्याने ते लिहावे. कारकुनाने, शिक्षकाने, वकिलाने पेरणीविषयी लिहू गेल्यास ते उसने वाटेल. अगदी खरे! परंतु मग मी विचारतो, कारकुनाने आपल्या कचेरीचा मार्च महिना का लिहिला नाही? शिक्षकाचा ऋतू उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांनी सुरू होतो आणि जूनमधल्या नव्या चेहऱ्यांनी पालटतो. तो आम्ही का लिहिला नाही? आमच्या लेखात आम्ही सदैव रविवारीच का भेटतो? शेतकऱ्याचे काम आम्ही दडविले असे मी आतापर्यंत म्हणत आलो. परंतु आम्ही आपलेही काम दडविले आहे, जणू पोटासाठी राबणे ही चारचौघांत न सांगण्याजोगी गोष्ट आहे.

आणि त्या खिडकीतल्या लेखात भजी कोणी तळली? हा प्रश्न मला माझ्या पत्नीने विचारला, आणि त्याचे उत्तर अद्याप मी दिलेले नाही. घरातल्या स्त्रीचे वर्ष पाहा. वैशाखाच्या उन्हात कुरडया, शेवया, सरगुंडे आणि पापड. आभाळात एक ढग दिसला तर गच्चीवरून सारे उचलण्याची धावपळ. कैऱ्यांच्या फोडी, लोणच्याच्या बरण्यांची तोंडे बांधणे. आषाढात न वाळणारे कपडे, डाळीला लागलेली कीड, कुबट वास येणारी अंथरुणे. भाद्रपदात गौरी, आश्विनात झाडलोट. ज्या पावसात आम्ही तल्लीन झालो त्याच पावसात ती धान्याचे डबे उन्हे पडण्याची वाट पाहत आवरीत होती. ऋतू तिला आमच्याहून अधिक कळतो, कारण तो तिच्या हाताखालून जातो. आमच्या ललित वाङ्मयात तिचा एवढाच उल्लेख आहे की, 'इतक्यात आतून चहा आला.'

काम हा विषय रुक्ष आहे, असे ज्यांना अजूनही वाटत असेल त्यांनी बहिणाबाई चौधरींचे स्मरण करावे. जळगावजवळच्या आसोद्याच्या या निरक्षर स्त्रीची गाणी तिच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपाने निघाली आणि सुशिक्षित महाराष्ट्र थक्क झाला. त्यांत पेरणी आहे, मळणी आहे, जाते आहे, चूल आहे. आणि मराठीतील उत्तमोत्तम ऋतुवर्णने त्या गाण्यांतच आहेत. मारुती चितमपल्ली यांनी अरण्यावर जे लिहिले ते वनखात्याच्या नोकरीत रानोमाळ हिंडून लिहिले. त्यांचा पक्षी खिडकीत येऊन बसलेला नाही, तो त्यांच्या कामाच्या वाटेवर भेटलेला आहे. विदर्भाच्याच सदानंद देशमुखांनी आपल्या कादंबरीला 'बारोमास' हे नाव दिले, आणि वर्षाच्या बारा महिन्यांना शेतकऱ्याच्या घरात काय अर्थ असतो ते दाखविले. यावर दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'चे काय, असे कोणी विचारील. १९५६ सालच्या त्या पुस्तकासमोर मी हात जोडतो. नुसते पाहणे हेही एक काम होऊ शकते, पण ते दुर्गाबाईंसारखे, झाडाचे नाव, मोहोर आणि पानगळ यांचा काटेकोर हिशेब ठेवून करावे लागते. आमचे पाहणे तसे नाही. आम्ही चहा निवेपर्यंत पाहतो.

तेव्हा माझी विनंती मोठी नाही. संपादकांनी वर्षा-विशेषांक काढावा, जरूर काढावा. परंतु लेखकाला पत्र लिहिताना एवढे विचारावे की, या पावसात आपण काय काम करीत होता, आणि आपल्या घरात व शेजारी कोण काय काम करीत होते? लेखकाने मांजरावर लिहावे, पण गावातला शेवटचा गोठा कोणाचा, हे एकदा जाऊन पाहून यावे. आणि वाचकाने, मातीचा वास पहिल्याच परिच्छेदात दरवळला की, ती माती कोणाची आणि तिच्यात त्या दिवशी काय पेरले होते, असे विचारावयाची सवय लावून घ्यावी. तेवढ्याने कापसाला भाव मिळेल, कर्ज फिटेल, असा माझा दावा नाही. परंतु ज्या वर्गाच्या हाती लेखणी, कचेरी आणि मत आहे, तो वर्ग जे पाहतच नाही त्याची काळजी कधीच घेत नाही. आणि काय पाहावयाचे हे तो पुष्कळ अंशी आपल्या मासिकांतूनच शिकतो.

यंदाही एका संपादकांचे पत्र आले आहे. पावसावर काही प्रसन्न पाठवा, असे ते लिहितात. त्यांना मी हाच लेख पाठवीत आहे. तो प्रसन्न नाही म्हणून परत आला तर माझी तक्रार नाही. दूध घालणारा तो गृहस्थ अजून येतो. त्याची जोडी गेली, म्हैस राहिली आहे. आज सकाळी मी त्याला विचारले, पेरणीचे कसे काय? तो म्हणाला, "थांबलो हाये, गुरुजी. अजून एक पाणी पडू द्या." बाहेर या क्षणी पाऊस पडतो आहे. तो कोणता, पहिला की दुसरा, हे पंधरा दिवसांनी कळेल. तोपर्यंत त्याच्याविषयी काही लिहू नये, असे मी ठरविले आहे.